बीटा क्षय, चौथा दशांश आणि एकपेक्षा कमी भरणारी बेरीज

ओवी_मिरज

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. किरणोत्साराच्या धड्यात बीटा क्षय आम्ही एका तासात उरकतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात, अर्धायुष्याचे सूत्र फळ्यावर येते, दोन गणिते सोडवली की घंटा होते. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, एवढे सगळे ठाऊक असताना लोक अजून बीटा क्षय मोजत का बसले आहेत?" त्याला उत्तर द्यावे म्हणून वाचायला घेतले आणि मीच अडकले.

मला समजले ते असे. अप क्वार्क हा डाउन, स्ट्रेंज आणि बॉटम या तीन क्वार्कांशी किती प्रमाणात जोडलेला आहे, हे सांगणारे तीन आकडे असतात आणि स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलभूत कणांचा आजचा सर्वमान्य सिद्धान्त, खरे असेल तर त्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर एक यायला हवी. पहिला आकडा ०.९७३७३, जो मुख्यतः अणुकेंद्रकांच्या बीटा क्षयावरून काढतात. दुसरा सुमारे ०.२२४३, जो कायॉन कणांच्या क्षयावरून मिळतो. तिसरा इतका लहान की त्याचा वर्ग पाचव्या दशांश स्थळी जातो. कागदावर करून पाहिले, तर बेरीज ०.९९८५ भरते. म्हणजे हजारात दीड कमी.

माझे प्रश्न दोन. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या टकरी करता येत असताना, काही मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या या घरगुती प्रक्रियेतून मूलभूत असे काय नवीन कळणार? आणि ही हजारात दीडची तूट खरी आहे, की मोजणाऱ्यांची चूक आहे? विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत, पण आकडे न लपवता कोणी सांगितले तर आभारी राहीन.

दशांश

ओवीताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज कोणीही छातीठोकपणे देऊ शकत नाही, आणि ते का देता येत नाही हेच या विषयातले खरे शिकण्यासारखे आहे. मी काही वर्षे अशा मोजण्या करणाऱ्या एका गटात काम केले आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी कोलायडरबद्दल. एखादा जड कण अस्तित्वात आहे हे कळण्यासाठी तो प्रत्यक्ष निर्माणच करावा लागतो असे नाही. डब्ल्यू बोसॉन सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत १९८३ साली सापडला. त्याचे वस्तुमान सुमारे ८० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे बीटा क्षयात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेच्या हजारो पट. तरीही बीटा क्षय होतो तो याच कणामुळे, आणि त्याची करणी किरणोत्सार शोधणाऱ्या बेकरेलच्या काळापासून प्रयोगशाळेत दिसत होती. तसाच आणखी एखादा, अधिक जड कण असेल, तर त्याचाही स्पर्श बीटा क्षयाला होणारच, फक्त अगदी हलका. ढोबळ अंदाज असा, की हा परिणाम डब्ल्यूचे वस्तुमान भागिले नव्या कणाचे वस्तुमान, याच्या वर्गाएवढा असतो. नवा कण अडीच टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा असेल, तर हे गुणोत्तर साधारण एकतीसात एक, आणि वर्ग हजारात एक. थोडक्यात, बीटा क्षय हजारात एक या अचूकतेने मोजला, की आपण कोलायडरच्याच पट्ट्यात पाहू लागतो, फक्त दुसऱ्या खिडकीतून.

आता पहिला आकडा मिळतो कसा ते पाहू. त्यासाठी ज्यांची सुरुवातीची आणि शेवटची दोन्ही अणुकेंद्रके शून्य स्पिनची आहेत असे काही खास क्षय निवडतात. यांना सुपरअलाउड म्हणतात. यात पॉझिट्रॉन बाहेर पडतो आणि अणुकेंद्रकाची आतली रचना जवळपास तशीच राहते, त्यामुळे क्षीण बलाची ताकद थेट मोजता येते. कार्बन-१० पासून रुबिडियम-७४ पर्यंत अशी डझनाहून अधिक अणुकेंद्रके अभ्यासली गेली आहेत. एकाचे अर्धायुष्य १९ सेकंद, दुसऱ्याचे ६५ मिलिसेकंद. प्रत्येकाच्या तीन गोष्टी मोजाव्या लागतात: अर्धायुष्य, क्षयात मोकळी होणारी ऊर्जा, आणि एकूण क्षयांपैकी किती या विशिष्ट मार्गाने जातात ते प्रमाण. ऊर्जेवरून एक गुणक काढून त्याने अर्धायुष्याला गुणले, की सेकंदात एक आकडा मिळतो. कच्चे आकडे ३०४० ते ३०८० सेकंदांच्या आसपास विखुरलेले असतात. त्यांत विद्युतचुंबकीय आणि अणुकेंद्रकीय दुरुस्त्या केल्या, की सगळे ३०७२ सेकंदांजवळ येऊन बसतात. अगदी हलक्या कार्बनपासून सातपट जड रुबिडियमपर्यंत तोच आकडा यावा, हे मला आजही विलक्षण वाटते. हार्डी आणि टाउनर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी जवळपास सारी कारकीर्द या एका सरासरीची मशागत करण्यात घालवली.

"अर्धायुष्य मोजणे" हे ऐकायला बारावीचे प्रॅक्टिकल वाटते, म्हणून एकच अडचण जवळून दाखवतो. सायक्लोट्रॉनमधून आलेली किरणोत्सारी अणुकेंद्रके पातळ मायलरच्या फितीवर थोपवतात, फीत झटकन सरकवून नमुना एका वायू-गणकाच्या मध्यभागी आणतात आणि मग वीसेक अर्धायुष्ये उलटेपर्यंत पॉझिट्रॉन मोजत राहतात. प्रत्येक नोंदीनंतर गणक काही क्षण आंधळा असतो. या काळाला आपण मृतकाल म्हणतो. समजा मृतकाल ४ मायक्रोसेकंद आहे आणि सुरुवातीला सेकंदाला १०,००० पॉझिट्रॉन येत आहेत. मग सुरुवातीचे ४ टक्के पॉझिट्रॉन गणकाला दिसतच नाहीत. नमुना क्षय पावत जातो तशी आवक घटते आणि ही गळतीही घटत जाते. परिणामी आलेखाचा सुरुवातीचा उंच भाग दबतो, उतार सौम्य होतो आणि अर्धायुष्य खोटेच जास्त निघते. दुरुस्ती करता येते, पण मृतकाल एक दशांश मायक्रोसेकंदाने जरी चुकीचा धरला, तरी सुरुवातीच्या दरात हजारात एकची चूक शिल्लक राहते, आणि आपल्याला तर अर्धायुष्य दहा हजारात तीन-चार इतके अचूक हवे असते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. गणकाचा नैसर्गिक मृतकाल नेमका किती, या वादात न पडता, त्याहून निश्चितपणे मोठा असा कृत्रिम मृतकाल इलेक्ट्रॉनिक्समधून मुद्दाम लादतात. मग तो आपल्या हातातला असतो आणि घड्याळाने तपासलेला असतो. वर तोच प्रयोग ३, ४, ६ मायक्रोसेकंद असे वेगवेगळे मृतकाल लादून पुन्हा करतात. अर्धायुष्य त्याबरोबर हलले, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

ऊर्जेचीही अशीच एक कथा आहे. ती मोजताना फार जपावे लागते, कारण तो गुणक ऊर्जेच्या जवळपास पाचव्या घाताने वाढतो. व्हॅनेडियम-४६ चा क्षय घ्या. त्याची ऊर्जा म्युनिकच्या गटाने १९७७ साली अणुकेंद्रकीय अभिक्रियांवरून ठरवली होती आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे तिच्यावर कोणाचाही आक्षेप नव्हता. ही ऊर्जा क्षयाच्या आधीच्या आणि नंतरच्या वस्तुमानांच्या फरकातून येते, आणि २००५ साली अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत कॅनेडियन पेनिंग सापळ्यात ती वस्तुमाने नव्याने मोजली गेली. या सापळ्यात आयन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतो आणि त्याच्या फेऱ्यांच्या वारंवारितेवरून वस्तुमान मिळते. अर्धायुष्य अर्ध्या सेकंदाहूनही कमी असलेल्या अणुकेंद्रकावर हे सारे करायचे असते, हे लक्षात घ्या. निकाल जुन्यापेक्षा सुमारे २.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टने वेगळा निघाला. एकूण ७०५० मध्ये २.२ म्हणजे दहा हजारात तीन. पाचपट केले की हजारात दीड! पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या युवास्कुला इथल्या सापळ्याने नव्या आकड्याला दुजोरा दिला आणि कालांतराने म्युनिकच्या त्या जुन्या मालिकेतले आकडे सरासरीतून वगळण्यात आले.

तुमच्या बेरजेतली तूटही हजारात दीडच आहे. दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही, पण एका जुन्या, सर्वमान्य आकड्यात केवढी चूक लपून राहू शकते याचे माप म्हणून हे ध्यानात ठेवा.

निवृत्त_मास्तर

दशांश यांचा प्रतिसाद उत्तम आहे. त्याला इतिहासाची जोड देतो, कारण मोजणीतल्या चुकीने संपूर्ण क्षेत्राला चार वर्षे आडवाटेला नेल्याचे सर्वांत मोठे उदाहरण याच विषयात आहे, आणि त्यात एक धागा मुंबईपर्यंत येतो.

हेलियम-६ हे अणुकेंद्रक ८०७ मिलिसेकंदांच्या अर्धायुष्याने क्षय पावून लिथियम-६ होते. या क्षयात इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो एकाच दिशेला जाणे पसंत करतात की विरुद्ध दिशांना, यावरून क्षीण बलाचे रूप ओळखता येते. एक सहसंबंध गुणांक आहे. बल "टेन्सर" जातीचे असेल तर तो अधिक एक तृतीयांश आणि "अक्षीय सदिश" जातीचे असेल तर उणे एक तृतीयांश यायला हवा. न्यूट्रिनो पकडता येत नाही, म्हणून लिथियमला बसणारा धक्का मोजावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त १.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट इतका असतो. वाटेत वायूचा थोडा जरी अडथळा आला तरी तो कमी-जास्त होतो.

१९५३ साली रस्टॅड आणि रूबी यांनी हा प्रयोग करून निकाल दिला: टेन्सर. तेव्हापासून क्षीण बलाचे सिद्धान्त मांडणारा प्रत्येक जण हा निकाल खुंटीसारखा धरून चालू लागला.

मग १९५६ च्या डिसेंबरात चिएन-शिउंग वू आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रके केवल शून्याच्या शतांश अंशापर्यंत थंड करून एका दिशेला वळवली आणि इलेक्ट्रॉन एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त बाहेर पडतात हे दाखवले. निसर्ग उजवा-डावा भेद करतो हे त्यातून सिद्ध झाले, आणि ही शक्यता आधी मांडणाऱ्या ली व यांग यांना १९५७ चे नोबेल मिळाले. वू यांना मिळाले नाही, याची खंत माझ्या पिढीतल्या अनेक शिक्षकांना होती आणि आहे.

आता मुंबईचा धागा. ई. सी. जी. सुदर्शन हे मूळचे केरळचे, १९५२ ते १९५५ या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून रॉचेस्टरला गेले. तिथे आपले मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांच्यासोबत त्यांनी सर्व क्षीण क्षयांचा एकत्र विचार केला आणि १९५७ मध्ये अशा निष्कर्षाला आले, की हे बल "सदिश वजा अक्षीय सदिश" याच रूपाचे असले पाहिजे. अडचण अशी, की चार प्रयोग याच्या विरोधात जात होते आणि त्यांतला पहिला हेलियम-६ चा होता. एखाद्या नवख्या संशोधकाने अशा वेळी सिद्धान्ताला मुरड घातली असती. या दोघांनी मात्र स्पष्ट लिहिले, की हे चारही प्रयोग पुन्हा करून पाहावेत. ते पुन्हा केले गेले आणि चारही ठिकाणी सिद्धान्त खरा ठरला. हेलियम-६ च्या उपकरणाची चिकित्सा करताना असे आढळले, की हेलियम वायू जेवढ्या जागेत असल्याचे गृहीत धरले होते, त्याबाहेरही तो पसरलेला होता. इलेक्ट्रॉन आणि लिथियम यांमधला कोन काढायचा, तर क्षय कुठे झाला ते ठाऊक हवे, आणि नेमके तेच गृहीत चुकले होते.

ओक रिजच्या जॉन्सन, प्लेझंटन आणि कार्लसन यांनी १९६३ साली हाच गुणांक उणे ०.३३४३ असा मोजला, अनिश्चितता ०.००३०. म्हणजे एक टक्क्याच्या आत. आश्चर्य असे, की हा निकाल पुढची पन्नास वर्षे या क्षयाचा मानदंड राहिला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने हेलियम-६ चे अणू लेसरच्या सापळ्यात तरंगत ठेवून २०२२ मध्ये उणे ०.३२६८ हा आकडा दिला, पण त्याची अनिश्चितता १९६३ च्या निकालापेक्षा मोठी आहे. साधने नवी आली म्हणून निकाल आपोआप सुधारत नाही.

अवांतर: मार्शाक-सुदर्शन यांच्यापाठोपाठ फाइनमन आणि गेल-मान यांनी तेच रूप मांडले आणि श्रेय पुष्कळदा त्यांच्याच नावावर जमा होते. वर्गात शिकवताना सुदर्शन यांचे नाव घ्यायला विसरू नये.

शंकेखोर

दोन्ही प्रतिसाद वाचले. एक खटकते. दशांश म्हणतात की दुरुस्त्या केल्यावर सगळे आकडे ३०७२ जवळ येऊन बसतात. या दुरुस्त्या एक-दीड टक्क्याच्या, आणि शोधायची गोष्ट हजारात एक. म्हणजे जे शोधायचे त्याच्या दहापट मोठी दुरुस्ती आपण आधी हाताने घालतो आणि मग अचूकतेच्या गप्पा मारतो, असे नाही का? शिवाय माझ्या वाचनात आले आहे, की व्हॅनेडियमचा नवा आकडा इतरांशी जुळेना तेव्हा २००८ मध्ये सिद्धान्ताच्या दुरुस्त्याच नव्याने काढण्यात आल्या आणि मग तो जुळला. आमच्याकडे हिशेबनीस असे करू लागला तर त्याला नोकरीवरून काढतात.

दशांश

शंकेखोर, प्रश्न अगदी रास्त आहे आणि २००८ ची गोष्टही खरी आहे. मात्र ती थोडी वेगळ्या क्रमाने सांगायला हवी. व्हॅनेडियमचा आकडा इतरांपासून वेगळा पडला, तेव्हा टाउनर आणि हार्डी यांनी शोधले की आपल्या गणितातून काय सुटले आहे. सुटले होते ते असे: अणुकेंद्रकाच्या आतल्या भरलेल्या कवचांतले न्यूक्लिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन) त्यांनी निष्क्रिय धरले होते आणि व्हॅनेडियमसारख्या अणुकेंद्रकांत तसे धरणे बरोबर नव्हते. ही दुरुस्ती त्यांनी एकट्या व्हॅनेडियमसाठी न करता सगळ्या यादीसाठी केली. एका खात्याचा मेळ बसावा म्हणून एकच नोंद बदलली असती, तर तुमचा हिशेबनीस खरोखर दोषी ठरला असता. इथे नियम बदलून सगळी खाती पुन्हा लिहिली गेली. तरीही तुमचा संशय पूर्ण फिटत नाही, आणि या क्षेत्रातल्या लोकांचाही फिटलेला नाही. म्हणूनच टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कॅल्शियम-३८ आणि पोटॅशियम-३८ अशी आरशातली जोडी मोजली गेली. अशा जोडीत दोन्ही क्षयांचे गुणोत्तर घेतले, की पुष्कळशा दुरुस्त्या परस्पर कटतात आणि वादग्रस्त भाग तेवढा उरतो, त्यामुळे कोणते गणित बरे याची परीक्षा प्रयोगानेच घेता येते.

आता ओवीताईंच्या तुटीकडे येतो. ही तूट कशी जन्मली याचा क्रम पाहण्यासारखा आहे, कारण ती कोणत्याही नव्या मोजणीतून आलेली नाही. हार्डी-टाउनर यांच्या २०१५ च्या आढाव्यात सरासरी ३०७२.२७ सेकंद आणि अनिश्चितता ०.७२ होती. तेव्हा पहिला आकडा ०.९७४१७ होता आणि बेरीज एकशी जुळत होती. २०१८ साली सेंग, गोर्शटाइन, पटेल आणि रॅमसे-मुसोल्फ यांनी एका विशिष्ट विद्युतचुंबकीय दुरुस्तीचे गणित वेगळ्या पद्धतीने केले. यात क्षय होताना डब्ल्यू बोसॉनच्या जोडीला एक फोटॉनही देवाणघेवाणीत भाग घेतो. ही दुरुस्ती आधी ०.०२३६१ मानली जात होती, ती ०.०२४६७ निघाली. फरक हजारात एक, आणि तेवढ्याच प्रमाणात पहिल्या आकड्याचा वर्ग घसरला. बेरीज एकच्या खाली गेली ती इथे.

त्यानंतर २०२० चा आढावा आला. सरासरी ३०७२.२४, म्हणजे जवळपास तीच. अनिश्चितता मात्र ०.७२ वरून १.८५ झाली. पाच वर्षांत मोजण्या वाढल्या, सुधारल्या, आणि अनिश्चितता अडीचपट मोठी झाली! बाहेरच्या माणसाला ही पीछेहाट वाटेल. प्रत्यक्षात झाले असे, की फोटॉन अणुकेंद्रकाच्या आत एका न्यूक्लिऑनकडून निघून दुसऱ्याकडे पोहोचताना काय घडते, याबद्दलचे आपले ज्ञान समजत होतो तेवढे पक्के नाही, हे लक्षात आले आणि ते प्रामाणिकपणे आकड्यात उतरवले गेले. माझ्या मते २०२० चा तो १.८५ हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा आकडा आहे. शंकेखोर यांना हव्या असलेल्या हिशेबनिसाची सही त्याच्याखाली आहे.

अणुकेंद्रकाची ही भानगडच नको असेल तर एकटा न्यूट्रॉन घ्यावा. त्याचे सरासरी आयुष्य आणि त्याच्या क्षयातली असममिती (इलेक्ट्रॉन एका बाजूला किती जास्त जातात ते) असे दोन आकडे पुरतात. ग्रनोबल इथल्या पर्किओ-३ प्रयोगाने असममिती अतिशय नेटकी मोजली आहे. पण आयुष्याच्या बाबतीत घोळ आहे. अतिशीत न्यूट्रॉन चुंबकीय पात्रात साठवून उरलेले मोजले, तर लॉस अलामॉसच्या २०२१ च्या निकालाप्रमाणे ८७७.७५ सेकंद येतात. न्यूट्रॉनचा झोत सोडून त्यातून जन्मलेले प्रोटॉन मोजले, तर २०१३ च्या निकालाप्रमाणे ८८७.७ येतात. दहा सेकंदांचा हा फरक दोन्हींच्या सांगितलेल्या अनिश्चिततांत बसत नाही. १९५३ चा हेलियम आठवा, मास्तरांनी सांगितलेला. कुठेतरी काहीतरी गृहीत धरल्याप्रमाणे नाही. माझा स्वतःचा कल झोताच्या प्रयोगात काही सुटले असावे याकडे आहे, पण त्यावर पैज लावणार नाही.

तर ओवीताई, तूट दोन ते तीन प्रमाण-विचलनांची, म्हणजे अनिश्चिततेच्या दोन-तीन पट आहे. तिच्यामागे नवा कण असू शकतो, अणुकेंद्रकाचे अपुरे गणित असू शकते, कायॉनकडून येणाऱ्या दुसऱ्या आकड्यातही दोष असू शकतो, कारण कायॉनच्या दोन वेगवेगळ्या क्षयांवरून काढलेले आकडेही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. माझा क्रम विचाराल तर गणित आधी, नवा कण शेवटी.

ओवी_मिरज

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांना एक विचारायचे आहे. सहसंबंध गुणांक एक टक्क्यापर्यंत मोजूनही टेन्सर बलाचा थोडासा अंश लपलेला असू शकतो का? की तो प्रश्न १९६३ लाच मिटला?

निवृत्त_मास्तर

मिटलेला नाही, ताई. मुख्य बल अक्षीय सदिश आहे हे ठरले, पण त्यात टेन्सरची चिमूटभर भेसळ आहे का, हा प्रश्न उघडाच आहे. गंमत अशी की सहसंबंध गुणांकात ही भेसळ वर्गाच्या रूपाने येते. भेसळ शंभरात एक असेल तर परिणाम दहा हजारात एकच्या घरातला, जो दिसणे महाकठीण. मात्र फिअर्झ पद म्हणून एक राशी आहे, तिच्यात भेसळ वर्ग न होता सरळ येते आणि तिच्यामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या आलेखाचा आकार किंचित बदलतो, कमी ऊर्जेच्या टोकाला अधिक. म्हणून सध्या बऱ्याच गटांनी कोन सोडून आलेखाचा आकार धरला आहे.

त्यातली मला भावलेली युक्ती सांगतो. इलेक्ट्रॉन एखाद्या पदार्थात अडवून त्याची ऊर्जा मोजायला गेले, की काही इलेक्ट्रॉन उलटे उसळतात आणि आलेख बिघडतो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्रात गोल फिरू द्यायचे आणि फिरताना तो जी सूक्ष्मतरंग लहर सोडतो ती नुसती ऐकायची. १ टेस्लाच्या क्षेत्रात मंद इलेक्ट्रॉन सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या मारतो. त्याची गतिज ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर सापेक्षतेमुळे त्या बरोबर निम्म्या होतात. म्हणजे सूर ओळखला की ऊर्जा कळली, आणि वारंवारिता मोजण्यात तर आपला हात कोणी धरू शकत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगात हेलियम-६ आणि निऑन-१९ या दोहोंच्या क्षयातून असे सूर टिपल्याचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

ओवी_मिरज

आज वर्गात यातले बरेचसे सांगितले. मृतकालाची गोष्ट ऐकून त्या विद्यार्थ्याने हट्टच धरला, म्हणून आमच्या गायगर गणकावर दोन स्रोतांची पद्धत करून पाहिली. प्रत्येक मोजणी ५ मिनिटांची. पहिला स्रोत एकटा सेकंदाला २००, दुसरा १९०, आणि दोन्ही एकत्र ३८२. पार्श्वभूमी नगण्य धरली. ८ नोंदी कमी पडल्या, त्यावरून मृतकाल १०५ मायक्रोसेकंद आला. तो विचारतो आहे, की यातले किती आकडे खरे समजायचे?

दशांश

शाब्बास त्याची. पाच मिनिटांत एकत्रित नोंदी १,१४,६०० झाल्या, त्यांचे वर्गमूळ सुमारे ३३९, म्हणजे दरात १.१ ची अनिश्चितता. सुट्या दोन्ही स्रोतांची प्रत्येकी ०.८. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की १.६. तुमची तूट ८ उणे-अधिक १.६, तेव्हा मृतकाल १०५ उणे-अधिक २१ मायक्रोसेकंद. पहिला आकडा खरा, दुसरा डळमळीत, तिसरा लिहूच नये.

ही अनिश्चितता वीस टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणायची, तर वेळ शंभरपट लागेल, प्रत्येक मोजणीला आठ तासांहून अधिक. पण तेवढे बसण्याआधी त्याला एक विचारा. दुसरा स्रोत ठेवताना पहिला जागचा हलला होता का? क्रम असा हवा: पहिला ठेवून मोजायचे, त्याला हात न लावता शेजारी दुसरा ठेवून मोजायचे, मग पहिला अलगद उचलून दुसरा मोजायचा. पहिला स्रोत काढून पुन्हा ठेवला असेल आणि तो अर्धा मिलिमीटर जरी सरकला असेल, तर ८ नोंदींचा फरक त्यानेच पडू शकतो आणि आठ तास मोजूनही तो जाणार नाही.